तारा कुणाला दिसल्या

प्रिय दादा,

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या भावाला बहिणीने पत्र लिहावं, आणि तेही शेडमधल्या कपाटात त्याच्या हातमोज्यांखाली ठेवावं, हे बघून तू आधी पोटभर हसणार. हसून घे. मग खुर्ची ओढून बस, कारण पत्र लांबलंय. मला रविवारच्या उड्डाणाबद्दल बोलायचंय आणि तोंडावर ते जमत नाही. काल संध्याकाळी गॅसचे सिलिंडर भरून झाल्यावर मी तेवढ्यासाठीच रेंगाळले होते. तू बलून फुगवायच्या पंख्याच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून गुणगुणत होतास. मान वर न करता म्हणालास, "काय गं, नवरा उपाशी बसलाय ना घरी?" मी हसले, किल्ल्या उचलल्या आणि निघाले. दर वेळी हे असंच होतं. तू हसवतोस आणि मी जे बोलायला आलेली असते ते गिळून परत जाते.

आधी घरचं सांगते, म्हणजे हात जरा चालायला लागेल. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. यांनी मिशी काढली आणि दोन दिवस घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही, म्हणून स्वारी फुगून बसली आहे. लेकीची बॅग भरून झाली, रिकामी झाली, पुन्हा भरली. पुढच्या आठवड्यात ती शिकायला जाईल, घर खायला उठेल. तिचा कान ठणकतोय, त्यामुळे रविवारी तुझ्याबरोबर वर यायला जमणार नाही, हे तिने तुला फोनवर सांगितलंच. तू तिला म्हणालास म्हणे, की कान दुखणाऱ्या माणसाने वर जाऊच नये, मामाने बोलावलं तरी. किती पटकन म्हणालास. जायच्या आधी तिला एकदा वरून गाव दाखवायचं असं तुझ्या मनात किती दिवसांपासून होतं, ते मला ठाऊक आहे. पण पायलट म्हणून विचारलं की तुझ्यातला मामा मागच्या बाकावर जाऊन बसतो, आणि मला तुझा तोच गुण सगळ्यात आवडतो.

शेपूट हे माझं नाव बलूनच्या किती आधीचं, आठवतं का? तू जिथे जाशील तिथे मी मागे. तू सायकल शिकलास तेव्हा मागे धावायला मी, तू पोहायला गेलास तेव्हा काठावर कपडे सांभाळायला मी. नंतर तू बाहेरगावी जाऊन उडवायला शिकून आलास, कुणाचं तरी जुनं बलून घेऊन आलास, आणि खालून गाडी घेऊन पाठलाग करायला कुणी मिळेना. बलून वाऱ्याबरोबर जाणार, ते कुठे उतरेल ते त्यालाही माहीत नसणार, आणि त्याच्या मागे खडबडीत रस्त्यांवरून ट्रेलर ओढत कुणीतरी जायला हवं. तू घरी आलास आणि म्हणालास, शेपूट, धंदा तुझ्यासाठीच निघालाय. आई कपाळाला हात लावून बसली होती. मी तेव्हाच चपला घातल्या होत्या.

पहिल्याच दिवशी मी वर तुझ्याकडे बघत बघत गाडी कालव्याच्या कडेच्या चरात घातली. तू पलीकडच्या शेतात उतरलास आणि ढेकळं तुडवत धावत आलास. मला लागलंय का ते आधी बघितलंस, मग गाडीला, आणि मग मला असं काही झापलंस की दोर धरायला येणारे आपले लंबू आणि पैलवान दोघंही मदत करायचं सोडून झाडामागे गेले. म्हणालास, मी वर असताना तू माझ्याकडे बघायचं नाही. रस्त्याकडे बघायचं. मला खालून जे हवं ते मी वॉकीटॉकीवर मागून घेईन. तेव्हापासून मी तुला उडताना फारसं बघितलेलंच नाही, दादा. लोकांना वाटतं हिने हजार वेळा बघितलं असेल. मी तुला ऐकलंय. तुझा श्वास, बर्नरचा भडका, मधे प्रवाशांचं ओरडणं, आणि तुझे प्रश्न. पुढच्या वाटेला फाटक उघडं आहे का, त्या शेतात गुरं आहेत का, इतकंच विचारायचास.

आणि तुझी ती शिस्त. नवीन माणसं आम्हाला विचारतात, पायलट एवढा कटकट्या का. वजन विचारतो आणि वर काट्यावरही उभं करतो. एका बाईंनी वजन सांगताना लाजून बरंच कमी सांगितलं होतं आणि काटा बघून तू म्हणालास, "काकू, आमचा काटा जरा लबाड आहे, पण मला त्याचंच ऐकावं लागतं." त्या हसल्या आणि कुणाचाही अपमान झाला नाही. मग उतरतानाची तालीम. गुडघे वाकवा, पाठ जिकडे जातोय तिकडे, हात दोरीच्या कड्यात, आणि टोपली आडवी झाली तरी मी सांगेपर्यंत बाहेर पाय टाकायचा नाही, कारण एक जण उतरला की टोपली हलकी होऊन बाकीच्यांना घेऊन परत वर उठते. हे सगळ्यांकडून करून घेतल्याशिवाय तू पेटवत नाहीस. त्या लग्नाच्या लोकांना वारा वाढतोय म्हणून तू परत पाठवलंस, नवरी रडली, तिचा बाप हमरीतुमरीवर आला. तू शांतपणे बलूनचं कापड गुंडाळत राहिलास आणि मग त्या बापालाच कापडाचं एक टोक धरायला लावलंस. जाताना तो तुझा हात हातात घेऊन गेला.

पैलवानाने एकदा सकाळी मान हलवली आणि म्हणाला, आज नको. का नको ते त्याला सांगता येईना. वारा ठीक, आकाश स्वच्छ, माणसं तयार. तू त्याला कारणसुद्धा विचारलं नाहीस. आपल्यातला कुणीही नको म्हणाला की नको, असं म्हणून सगळ्यांना चहा पाजून घरी धाडलंस. मी तेव्हा चिडले होते. इतक्या पहाटे उठून केलेली सगळी मेहनत वाया गेली म्हणून तुझ्यावर डाफरले. तू फक्त म्हणालास, उद्या त्याला खरंच काही दिसलं आणि तो भिडेपोटी गप्प बसला, तर?

आता तारांच्या खेळाकडे येते. विजेच्या ताराच बलूनवाल्याचा खरा शत्रू, हे तूच मला शिकवलंस. खांब दिसतात, तारा दिसत नाहीत, म्हणून दोन खांब दिसले की मधे तारा आहेतच असं धरायचं. गेल्या हंगामापासून तू प्रवाशांना त्यात ओढलंस. खाली यायला लागलो की तू ओरडायचास, तारा कुणाला दिसल्या? ज्याला आधी दिसतील त्याला उतरल्यावर बर्नर पेटवून बघायला मिळणार. सगळी टोपली काठावर वाकून तारा शोधायची. एक गृहस्थ तर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बघूनसुद्धा ओरडत सुटले होते. मला वॉकीटॉकीवरून सगळं ऐकू यायचं आणि मी गाडीत एकटी हसायचे. वाटायचं, दादाला लोकांना रमवायची काय हातोटी आहे. मग उंची सांगायचा खेळ आला. आजोबा, तुमचा चष्मा नवा दिसतोय, या उंचीच्या मीटरवर वाचा बरं, किती उंचावर आलो आपण. आजोबा खूश. मग वारा बघायला तू जो छोटा काळा फुगा आधी सोडतोस, तो कुठे जातोय हे लंबूने मोठ्याने सांगायचं ठरलं. त्याचे डोळे तरुण आहेत, वापरू देत, असं तू म्हणालास. हेही मला गंमतच वाटलं.

दादा, मी वेडी नाही. पण ज्या माणसाने मला रस्त्याकडे बघायला सांगितलं, त्याच्याकडे मी खरंच बघितलं नाही.

त्या कारखान्याची चिमणी माझ्या डोक्यात बसली आहे. दर वेळी तू प्रवाशांना पूर्वेकडची ती उंच चिमणी दाखवतोस आणि धूर बघून वारा कसा ओळखायचा ते सांगतोस. महिन्यापूर्वी तू नेहमीसारखं दाखवलंस, तो बघा धूर, सरळ वर जातोय, म्हणजे वारा पडलेला आहे, आपला दिवस चांगला. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण पायलट सांगतोय. मी ट्रेलरपाशी दोर सोडवत होते. मी सहज तिकडे बघितलं. धूर नव्हता. भट्टी दुरुस्तीला काढल्याने चिमणी आठवडाभर बंदच होती, आपल्या चौकात सगळे तेच बोलत होते. तू न दिसणाऱ्या धुरावरून वारा सांगितलास. आणि तो बरोबर सांगितलास, हे त्याहून वाईट, कारण मी स्वतःची समजूत घातली की बोलायच्या ओघात सवयीने म्हणाला असेल.

मग गेल्या रविवारचं. त्या शाळेच्या बाई टोपलीत होत्या, त्यांनी तारांचा खेळ मनावर घेतला नव्हता, त्या फोटो काढत होत्या. बाकी दोघं एकमेकांकडे बघण्यात गुंग. तू खाली येत होतास, सूर्य समोर होता. तू वॉकीटॉकीवर विचारलंस, शेपूट, डावीकडे काय आहे? मी म्हणाले, डावीकडे कुठे, मी अजून वळणामागे आहे. तू पुन्हा विचारलंस. तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा तुझा आवाज वेगळा होता, आणि मी नियम मोडला. गाडी थांबवली, खाली उतरले आणि वर बघितलं. तू थेट तारांवर चालला होतास. बर्नर बंद. तुझा चेहरा तारांकडेच होता, दादा, आणि तू काहीच करत नव्हतास. बाईंनी कॅमेऱ्यातून तारा बघितल्या आणि किंचाळल्या. मग भडका उडाला, टोपली उचलली गेली, आणि खालून मला वाटलं की लागलीच. लागली नाही. उतरल्यावर तू हसून म्हणालास, जरा गंमत केली, पैसे वसूल व्हायला हवेत ना. सगळे हसले.  चहाचा कप तू न पिताच खाली ठेवून दिलास आणि हात खिशात घातलेस.

तू आयुष्यात कधी कुणाला घाबरवून गंमत केली नाहीस. म्हणून मला कळलं.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते आणि मला त्याची लाज वाटते. लेकीचा कान दुखत नाही. तो ठणठणीत आहे. मी तिला सांगितलं, मामाला असं सांग. तिने का विचारलं तर मी खेकसले. बिचारीने ऐकलं, आणि वर तू तिच्याशी इतक्या मायेने बोललास की ती फोन ठेवून रडली. माझी मुलगी मी खाली उतरवून घेतली आणि मला दोन दिवस शांत झोप लागली. तिच्या जागी दुसरं कुणीतरी येईल, हे मनात येऊनसुद्धा मी ते बाजूला सारलं.

आता तू म्हणशील, एवढं होतं तर मला सरळ विचारायचं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला नसतास, तू काहीतरी विनोद केला असतास. आणि मला खरं कारण कळतंय, दादा. तुला जमिनीवर कसं राहायचं ते माहीत नाही. आई गेली तेव्हा तू दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेला होतास, एकटा, आणि उतरलास तेव्हा माणसात आला होतास. हे तुझ्याकडून काढून घ्यायचं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. उन्हाचा त्रास होतो म्हणून तू टोपी बदललीस, गाडी रात्री चालवायची बंद केलीस, पेपर यांना मोठ्याने वाचायला लावतोस आणि म्हणतोस बातम्या ऐकायला बऱ्या वाटतात. मला वाटतं, बहुतेक मोतीबिंदू असेल. यांच्या मावशीचा काढला, त्या आता सुईत दोरा ओवतात आणि सगळ्यांच्या घरातली धूळ बघतात. कदाचित हंगाम सरायच्या आत तू परत वर असशील. कदाचित दुसरं काही निघेल आणि नसशीलही. मी तुला खोटा धीर देणार नाही. पण डॉक्टरकडे गेल्याशिवाय यातलं काहीच कळणार नाही, आणि तू जात नाहीस.

तुझी ती शिष्या, जी तळ्याकडच्या कंपनीत उडवते, तिला एक फोन केलास तर ती रविवारी धावत येईल. तुझ्या हाताखाली शिकली आहे, तुझ्याहून कटकटी आहे. तू गाडीत माझ्या शेजारी बस. कुठल्या शेताचं फाटक कसं उघडतं, कोणता म्हातारा ओरडतो आणि कोणता दूध देतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तुला वर बघायचंच असेल तर बघ, गाडी मी चालवीन. आणि ती नाही आली तर रविवार रद्द. आपल्यातलं कुणीही नको म्हणू शकतं ना? मग मी नको म्हणतेय. मला तर कारणही सांगता येतंय.

आज दुपारी एका नर्सचा फोन आला. लेकीच्या रिकाम्या जागेवर तिने नाव घातलंय. तिचा वाढदिवस आहे, आयुष्यात कधी विमानातसुद्धा बसलेली नाही, आणि आवाजात भीती होती. तिने विचारलं, ताई, खरं सांगा, सुरक्षित आहे ना? आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, की अगदी निर्धास्त या, आमच्या पायलटचे डोळे घारीसारखे आहेत. ती हसली, म्हणाली, बरं झालं विचारलं, आता आईला सांगते. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. दूध उतू गेलं. मग कागद घेतले.

हे तुझ्या तोंडावर बोलले नाही, कारण समोर मी हरले असते. वहिनीलाही सांगितलं नाही, लंबू-पैलवानांनाही नाही. दात दुखत होता तेव्हा तू स्वतःहून आठवडाभर बर्नरला हात लावला नव्हतास, आणि शिष्येला सांगितलं होतंस, की तपासणी वर्षातून एकदा डॉक्टर करतो, बाकीचे सगळे दिवस पायलटने स्वतःची करायची, आणि ठीक नसलं तर ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. म्हणून ते सांगणं मी तुझ्यासाठी ठेवलंय. ते तुझं आहे, मला त्यात पुढे जायचं नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत मी गप्प राहीन. त्यानंतर नाही राहणार, दादा, आणि तू मला पुन्हा कधी शेपूट म्हणाला नाहीस तरी नाही राहणार. शनिवारी सकाळी दहाची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी गाडी घेऊन दारात येते. पाकीट एवढं जाड का, असं तुला वाटलं असेल. मी फार लिहिलंय, पण नुसतं तेवढ्याने नाही. लेकीचा चित्रकलेचा जाड मार्कर घेतला आणि एका पानावर मोजक्या ओळी, इतकी मोठी अक्षरं काढलीत, की हे पत्र तुला कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये. तुझं तुला वाचता यावं. आणि मग तू उठून घरी जावंस, आणि वहिनीला तूच सांगावंस.

रागावलास तरी तुझीच,
शेपूट